पुंडलिककाकांची मशीन भरत नाही

पुंडलिककाका कुणाच्याही घरी गेले की आधी मोरीत जातात. हातपाय धुवायला नाही, नळ आवळायला. मोरी झाली की न्हाणीघर, मग मागचं अंगण, आणि जिना दिसला तर गच्चीवरची टाकीसुद्धा. सगळं तपासून झालं की ओल्या हातानं येऊन खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "हां, आता सांगा, काय म्हनता." तोवर घरच्यांनी ताटकळत उभं राहायचं. चहा थंड झाला तर तो दोष आपला.

आमचं गाव मेहकर-चिखली रस्त्यावरच्या एका फाट्यापासून दोन किलोमीटर आत आहे. मी इथल्या शाळेत मास्तरीण. सहा वर्षांपूर्वी काकांच्या शेजारचं नवं घर आम्ही भाड्यानं घेतलं, तेव्हा सामान टेम्पोतून उतरायच्या आधीच हा अनोळखी माणूस माझ्या न्हाणीघरात शिरलेला होता. मी विचारलं, "कोण तुम्ही?" तर आतून आवाज आला, "शॉवरचा कॉक ढिला हाये." झाली ओळख.

काका चौतीस वर्षं ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होते. म्हणजे गावच्या उंच टाकीखालचा आणि गल्लोगल्लीचा व्हॉल्व्ह वेळेवर उघडायचा आणि वेळेवर बंद करायचा. त्यासाठी छातीएवढी उंच लोखंडी चावी असते. निवृत्त झाल्यावर ती चावी त्यांनी परत दिली, पण तिच्या वजनानं उजवा खांदा जो खाली गेला तो काही वर आला नाही. त्यामुळे त्यांचा प्रत्येक शर्ट एका बाजूनं लांब दिसतो.

काकांच्या घड्याळात तास-मिनिटं नाहीत, भांडी आहेत. "दोन बकिटांत आलोच" म्हणजे सात-आठ मिनिटं. दुपारची झोप एक ड्रम होते. पंधरा ऑगस्टला एका पुढाऱ्याचं भाषण लांबलं तेव्हा हळूच माझ्यामागे येऊन म्हणाले, "मॅडम, दीड टाकी झाली, मुद्द्याचं अजून तांब्याभरबी नाई." मी झेंड्याखाली उभी, समोर सगळी शाळा. हसता येईना की रागावता येईना.

लेकीचं लग्नही त्यांनी असंच जुळवलं. मुलगा पाहायला चिखलीला गेले होते. पोहे आले, मुलगा समोर येऊन बसला, आणि काका उठून मागच्या अंगणात गेले, कारण तिथला नळ ठिबकत होता. पाहुणे मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागली. काकांनी अंगणातून विचारलं, "पाना हाये का घरात?" मुलगा पाना घेऊन गेला आणि कुणी न सांगता नळाखाली बादली धरून बसला. घरी येऊन काका बायकोला म्हणाले, "पोरगा चांगला हाये. बकीट धरून राह्यला, काई इचारलं नाई." नोकरी कुठं, शेती किती, हे काकांनीही विचारलं नव्हतं. ते गोदाकाकूंनी नंतर फोन करून विचारलं. वंदनाचा संसार चांगला चालला आहे, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

गोदाकाकू म्हणजे काकांची बायको. बारीक अंगाची, कामाला वाघीण, बोलायला कमी. काका गावभर लोकांचे नळ आवळत हिंडायचे आणि काकू घरच्या नळाखाली बादली लावून बसलेली असायची. त्यांच्या घरी पाण्याची धार फार बारीक. "आमचा पाइप जुना हाये, अन् घरबी चढावर," असं काकू सांगायची. मी कधी खोलात गेले नाही. आपण कशाला जातो.

आता मशीनचं सांगते. मागच्या वर्षी एका रविवारी माझी कपडे धुवायची मशीन भरेना. बटण दाबलं की नुसतं गुं गुं करायची, थेंब पाणी नाही, आणि थोड्या वेळानं पीप पीप करून लाल दिवा. काकांना बोलवावं लागलं नाही. भिंतीपलीकडून आवाज ऐकून तेच हजर झाले. मशीनच्या पाठीला कान लावला आणि बोट वर केलं. "आयकू द्या." आम्ही नवरा-बायको आमच्याच घरात श्वास रोखून उभे. मग निकाल आला, "जीव हाये. पन उपाशी हाये."

काकांची पद्धत अशी की पाण्याच्या मागे पाण्याच्या वाटेनं जायचं. आधी गच्चीवर जाऊन टाकीत कोपरापर्यंत हात घातला. मग खाली उतरणाऱ्या पाइपाला दर हातभर अंतरावर टिचकी मारत आले. मशीन भिंतीपासून ओढून मागची नळी कुठं मुडपली का ते पाहिलं. मग नळी सोडली आणि मशीनच्या तोंडाशी असते ती बारीक जाळी पकडीनं ओढून काढली. ती गाळानं पार बुजली होती. "हे पाहा, धरनाची माती. घशात अडकली तं जेवन कुठून जाईन?" जाळी घासायला ब्रश मागितला. माझ्या नवऱ्यानं दिला. तो त्याचा स्वतःचा, रोजचा होता हे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

जाळी लख्ख झाली, बसवली, बटण दाबलं. पुन्हा गुं गुं. आता काका घामेघूम. मी सहज भिंतीवर पाहिलं तर मशीनचा कॉकच बंद. "काका, हा कुणी बंद केला?"

"मीच. सकाळी कवठ द्याले आलो होतो ना, तवा. उघडा कॉक बरा नाई दिसत."

चेहऱ्यावर लाज म्हणाल तर नावाला नाही. उलट मलाच म्हणाले, "त्याच्या निमित्तानं जाळी तं साफ झाली." त्या दिवशी मी त्यांना चहा दिला नाही, असं नवरा अजून सांगतो. दिला होता, उशिरा दिला.

अशा माणसाच्या घरी यंदा मशीन आली.

झालं असं, की गोदाकाकूंच्या उजव्या हाताची बोटं बधिर पडायला लागली. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मनगटातली नस दबली आहे. जन्मभर कपडे पिळणं आणि बादल्या उचलणं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की आता पिळणं बंद, भरली बादली उचलणंही बंद, कायमचं. वंदना आईला चिखलीला आपल्या घरी घेऊन गेली आणि बापाकडे नवी मशीन पाठवून दिली. तिचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. काकांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे गल्लीही तिथंच होती.

"बाबा, रविवारी सकाळी आईला घेऊन येते. मशीन माझ्या डोळ्यांसमोर चालली तर आई राहील. नाही चालली तर मी तिला तशीच परत आणीन, आणि मग ती इथंच राहील. उद्या करतो, परवा करतो, हे मला सांगू नका."

काका म्हणाले, "हाव." आणि फोन बंद करायचा विसरून हातात धरून बसले.

तो आठवडा काका आमच्याकडे जेवले. ताटावर बसले की एरवी आमच्या नळांचा आढावा घ्यायचे, आता गप्प. एकदा भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "रविवारपर्यंत होऊन जाईन ना, मॅडम? घर लई मोठं वाटून राह्यलं." त्यांचं घर दोन खोल्यांचं आहे.

मशीन भरत नव्हती. काकांच्या घरी गच्चीवर टाकी नाही आणि मोटरही नाही. "मोटर लावून पानी ओढनं म्हंजे शेजाऱ्याच्या ताटातलं उचलनं," हे त्यांचं जुनं म्हणणं. हल्ली गावात रोज सकाळी सात ते नऊ पाणी येतं, म्हणून त्यांनी मशीन सरळ अंगणातल्या नळाला जोडली होती. सातला बटण दाबायचे. गुं गुं, मग पीप पीप, मग लाल दिवा. सोमवारी जाळी काढून घासली, नवीकोरी असताना. मंगळवारी मेहकरहून नळी बदलून आणली. बुधवारी मशीन उचलून दुसऱ्या भिंतीला नेली. गुरुवारी तिच्याखालच्या विटा काढून टाकल्या, का तर पाण्याला चढायला त्रास नको. जे माझ्याकडे तीन तासांत केलं ते त्यांनी चार दिवस केलं. फक्त धारेबद्दल ते चकार शब्द काढत नव्हते, आणि मलाही ते सुचलं नाही.

शुक्रवारी मीच फोन करून मेकॅनिक बोलावला. तो आठ वाजता मोटरसायकलवर आला. त्यानं बादलीनं मशीनमध्ये पाणी ओतलं आणि बटण दाबलं, तर मशीन मजेत फिरायला लागली. मग त्यानं नळ उघडून खाली हात धरला.

"काका, मशीनले काई झालं नाई. तुमच्या नळालेच प्रेशर नाई. एवढ्या धारेवर मशीन भरत नसते, वाट पाहून बंद पडते."

"प्रेशरचं मले सांगतं बे तू?" काका उसळले. "चौतीस वर्षं या गावाले पानी पाजलं म्या."

मेकॅनिक शांत स्वभावाचा होता. तो माझ्या अंगणात आला आणि माझा नळ उघडला. जाड धार पडली, बघता बघता बादली भरली. "एकाच लाइनवरचे दोन नळ ना? मंग तुमच्याच पाइपात काईतरी अडकलं हाये. जोड सोडून पाहा."

"आमचा पाइप जुना हाये," काका म्हणाले. "घर चढावर हाये."

मी म्हटलं, "काका, आपल्या दोघांची भिंत एक आहे. चढ काय भिंतीच्या आत आहे?"

ज्या माणसाला माझ्या स्वयंपाकघरातला ठिबकता नळ त्याच्या ओसरीत ऐकू येतो, त्याला हे आजवर कळलं नसेल? मला पहिल्यांदा शंका आली.

शनिवारी सकाळी सहाला मी अंगणात आले तर काका त्यांच्या नळाच्या जोडाशी उकिडवे बसले होते. हातात पाना, पण हात हलत नव्हता. मी पलीकडे गेले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वंदनीले फोन करा, मॅडम. म्हना, मशीन खराब निंघाली. आईले राहू दे तुयापाशीच."

"मी खोटं सांगणार नाही. आणि काकूंवाचून तुम्ही आठ दिवस राहू शकला नाही, जन्मभर कसे राहणार?"

काकांनी पान्यानं जोड सोडवला, पाइपात करंगळी घातली आणि काहीतरी उचकटून माझ्या हातावर ठेवलं. पितळेची चकती होती, रुपयाएवढी. मधोमध खिळ्यानं पाडलेलं भोक, तीळ जाईल एवढं.

"म्याच बसवली," काका म्हणाले. "अडतीस वर्षं झाले."

नोकरीला लागून तीनच वर्षं झाली होती. उन्हाळा कडक, गावाला आठ दिवसांनी पाणी. एक म्हातारी काकांच्या दारात रिकामा हंडा आपटून गेली, की पाणी सोडणाऱ्याच्या घरी दिवसभर धार असेल, आम्ही मरायचं. बोलणं गावभर झालं. पंचायतीचे दोघं जण दुसऱ्या दिवशी नळ पाहायला येणार असं कळलं. गोदाकाकू वावरात गेलेली पाहून काकांनी चकती बसवली. दोघं आले, त्यांनी नळ उघडला, आणि गावातला सगळ्यात बारीक नळ पाणी सोडणाऱ्याच्याच घरी निघाला. त्यानंतर काकांकडे कुणी बोट दाखवलं नाही.

"आणि काकूंना सांगितलं नाही?"

"तिले खोटं बोलता येत नाई. नळावर बाया भांडल्या की ती गळ्याची शपथ घेऊन सांगे, आमचाबी नळ बारीकच हाये म्हून. खरं सांगे ती. लोकायले पटे."

"मग नोकरी संपल्यावर तरी काढायची होती."

"काढली असती तं धार सुटली असती. मंग तिनं इचारलं असतं, एवढे दिवस कुठी होती ही धार."

मला राग आला, खरं सांगते. सहा वर्षं मी काकूंना त्या नळाशी बसलेलं पाहिलं होतं. एक बादली भरेपर्यंत माझा स्वयंपाक अर्धा व्हायचा. मी म्हटलं, "काका, गावाला प्रामाणिकपणा दाखवलात आणि भोगलं काकूनं." ते म्हणाले, "हाव." मग म्हणाले, "उद्या तिले तुमीच सांगा ना. मी बाहेर उभा राहातो." मी म्हटलं, "मी नाही सांगणार." आणि चकती त्यांच्या हातात देऊन शाळेत निघून गेले.

रविवारी आठच्या आत वंदनाची गाडी आली. काकू उतरली. उजव्या मनगटाला पट्टी, चेहरा जरा भरलेला. वंदनानं बॅग गाडीतच ठेवली. "आधी मशीन दाखवा," ती म्हणाली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

त्यांनी बटण दाबलं. मशीनमध्ये पाणी असं कोसळायला लागलं की वंदना दचकून मागे सरकली. काकू पुढे झाली, डाव्या हातानं झाकण उचलून आत पाहिलं. पाणी भराभरा चढत होतं. ती पाहतच राहिली.

"एवढं पानी?" ती म्हणाली. "आपल्या नळाले?"

मग काकांनी शर्टाच्या खिशातून चकती काढून तिच्या डाव्या हातावर ठेवली आणि सांगितलं. सगळं सांगितलं, थांबत थांबत, म्हातारीच्या हंड्यापासून. मध्येच पाणी आपोआप बंद झालं आणि मशीन फिरायला लागली, तरी ते सांगतच होते. वंदनाचे डोळे भरून आले होते. रागानं की कशानं, मला कळलं नाही.

काकूनं चकतीचं भोक उजेडात धरून पाहिलं. मग विचारलं, "म्हंजे नळावर मी बायायले सांगत होती, ते खरंच होतं ना?"

"खरंच होतं."

"ते बरं झालं." ती ओट्यावर बसली. मग म्हणाली, "नोकरी होती तवाचं समजलं मले. तवा तुमी व्हॉलवर राहात होते. पन रिटायर होऊन सात वर्षं झाले. घरीच होते. धार बारीक हाये हे माहीत होतं. एखांद्या दिवशी एखांदं बकीट तं उचलायचं होतं."

आवाज चढवला नव्हता तिनं. काका उभे होते तसेच उभे राहिले. एका खांद्यानं खाली आलेला तो माणूस मला त्या वेळी फारच म्हातारा दिसला, आणि माझा कालपासूनचा राग कुठं गेला ते कळलं नाही.

वंदना म्हणाली, "आई, मशीन चालली हे खरं. पण तुला यायचं असेल तर बॅग गाडीतच आहे. तू सांगशील तसं."

काका वळून आत गेले. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला, मग स्टोव्ह पेटल्याचा, मग डबे उघडल्याचा आणि लावल्याचा. एक डबा, दुसरा, तिसरा. बाहेर आम्ही तिघी बसून ऐकत होतो. बऱ्याच वेळानं काका दारात आले. हातात रिकामा चमचा होता.

"अवो," ते म्हणाले, "साखर कुठी असते आपल्या घरी?"

काकूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग चकती ओट्यावर ठेवली आणि लेकीला म्हणाली, "जाय, बॅग आन आतमंधी."